ड्रॉवरमधला वाटाड्या

पुण्याहून पौड, मुळशी मागे टाकून ताम्हिणीच्या वाटेला लागलं की फोनवरच्या रेंजच्या रेघा एकेक करून गळायला लागतात. पावसाळ्यात धुकं रस्त्यावर उतरलेलं असतं, पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो, आणि नेमका त्याच वेळी फोनवरचा नकाशा करडा पडतो. रस्ते, फाटे, गावं सगळं पुसलं जातं. निळा ठिपका मात्र त्या कोऱ्या पडद्यावरही सरकत राहतो.

या प्रकरणाचा सगळा विषय त्या निळ्या ठिपक्यात आहे. आपण कुठे आहोत हे फोनला इंटरनेटवरून कळत नाही. इंटरनेटवरून येतो तो नकाशा. तो आधीच फोनमध्ये भरून ठेवला असेल, तर रेंज असो की नसो, वाट सापडते. त्यासाठी नवा, महागडा फोनही लागत नाही. सिमकार्ड काढून ड्रॉवरमध्ये ठेवून दिलेला सात-आठ वर्षांपूर्वीचा फोन हे काम चोख करू शकतो. मात्र तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात: त्या फोनला कोणतं ॲप झेपेल, त्या ॲपच्या नकाशात आपली वाट आहे का, आणि घराबाहेर पडण्याआधी तयारी किती झाली आहे. लोक पहिल्या प्रश्नावर अडून बसतात. माझ्या अनुभवात दुसरा आणि तिसरा जास्त महत्त्वाचा आहे.

जुनं काय होतं आणि काय होत नाही

तो निळा ठिपका जीपीएसच्या उपग्रहांवर चालतो. जीपीएसचा पहिला उपग्रह अमेरिकेने १९७८ साली सोडला. संपूर्ण यंत्रणा १९९५ मध्ये कार्यरत झाली. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह सतत दोन गोष्टी सांगत असतात: आता माझ्या घड्याळात किती वाजले आणि मी कुठे आहे. तो संदेश आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकू आले, की ते किती उशिराने पोचले यावरून फोन आपली जागा काढतो. यात फोन फक्त ऐकतो, बोलत नाही. म्हणून सिम लागत नाही, डेटा लागत नाही, पैसेही लागत नाहीत. सुरुवातीला नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली, आणि मोकळ्या आभाळाखाली पाच-दहा मीटरच्या आत जागा सांगणारी ही सोय सगळ्या जगाला खुली झाली.

हा ऐकणारा कान वयाने फारसा बिघडत नाही. म्हातारं होतं ते त्याच्याभोवतीचं बाकीचं सगळं: बॅटरी, साठवणुकीची जागा, अँड्रॉइडची आवृत्ती, सुरक्षेच्या याद्या. म्हणून जुना फोन हाती घेतल्यावर आधी हे भाग तपासायचे.

सर्वांत आधी पाठीमागचं झाकण पाहा. बॅटरी फुगून झाकण उचललं गेलं असेल, तर तो फोन वाटाड्या म्हणून वापरायचा विचार तिथेच सोडून द्या. गाडीच्या पुढच्या काचेखाली, उन्हात, चार्जिंगला लावलेली फुगलेली बॅटरी हा खरा धोका आहे. बॅटरी ठीक असेल, पण तासाभरात उतरत असेल, तर हरकत नाही. गाडीत चार्जर असतो आणि पायी जाताना पॉवर बँक असते.

मग तारीख पाहा. महिनोन्‌महिने बंद पडलेला फोन कधी कधी भलत्याच वर्षात जागा होतो. ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट सगळी तयारी अडवते, कारण फोनची तारीख चुकलेली असली की सुरक्षित संकेतस्थळं त्याला दारात उभं करत नाहीत. वायफाय जोडलेलं दिसतं, पण नकाशा काही उतरत नाही. माणसाला वाटतं ॲप बिघडलं. आधी तारीख दुरुस्त करा, मग बाकीचं.

तारीख बरोबर असूनही डाउनलोड होत नसेल, तर अडचण दुसरी असू शकते. कोणत्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा, याची यादी फोनमध्ये अँड्रॉइडसोबत येते आणि अँड्रॉइड अद्ययावत होणं थांबलं की ती यादीही तिथेच गोठते. आज असंख्य संकेतस्थळं वापरतात त्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासून पुढच्या फोनमध्येच आहे. त्याआधीच्या फोनला काही सर्व्हर अनोळखी वाटतात. त्यावरचा उपाय सोपा आहे: नकाशाची फाइल संगणकावर उतरवून घ्यायची आणि केबल लावून फोनमध्ये टाकायची. पुढे ज्यांची ओळख करून देणार आहे, ती ओपन स्ट्रीट मॅपवर चालणारी ॲप्स ही मुभा देतात. जुन्या फोनसाठी हा मोठाच गुण आहे.

घड्याळाचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे मोजतो, तो १०२४ पर्यंत. त्यानंतर पुन्हा शून्यापासून. जवळपास वीस वर्षांनी येणारी ही वेळ १९९९ च्या ऑगस्टमध्ये आली आणि दुसऱ्यांदा एप्रिल २०१९ मध्ये. त्याच वर्षी ॲपलने आयफोन ५ च्या ग्राहकांना कळवलं होतं, की ३ नोव्हेंबरच्या आत आयओएस १०.३.४ घ्या, नाहीतर जागा बरोबर कळणार नाही. तुमच्या ड्रॉवरमध्ये त्या काळातला आयफोन असेल, तर सेटिंग्जमध्ये हा आकडा पाहून घ्या. आपल्या जुन्या फोनसाठी निर्मात्याने दिलेलं शेवटचं अपडेट घेतलेलं आहे ना, ही खात्री कुठल्याही फोनच्या बाबतीत आधी करावी.

गच्चीवरची पंधरा मिनिटं

माझ्याकडचा जुना फोन मी पहिल्यांदा या कामाला काढला, तेव्हा टेबलावर ठेवून दहा मिनिटं वाट पाहिली. ठिपका आला नाही. फोनचं जीपीएस गेलं, असं मी ठरवूनही टाकलं होतं. मग तो गच्चीवर नेला, पाण्याच्या टाकीपासून लांब, कठड्यावर आडवा ठेवला आणि हात लावला नाही. काही वेळाने उपग्रहांची यादी भरायला लागली. आधी एक, मग तीन, मग सात. ठिपका लांबच्या चौकातून उडी मारून आमच्या इमारतीवर येऊन बसला. दुसऱ्या दिवशी तोच फोन खिडकीशी मिनिटाभरात तयार झाला.

असं का होतं, ते समजून घेतलं तर प्रवासात घालमेल होत नाही. उपग्रहाचा संदेश फार संथ असतो, सेकंदाला फक्त ५० बिट. एका उपग्रहाची स्वतःची नेमकी कक्षा ऐकायला अर्धा मिनिट लागतो आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं. इंटरनेट असलं की फोन ही माहिती क्षणात उतरवून घेतो, म्हणून एरवी आपल्याला हा वेळ जाणवत नाही. सिम नसलेल्या आणि अनेक महिने झोपलेल्या फोनला ती आभाळातूनच ऐकावी लागते. मधे छप्पर, झाड किंवा डोंगराचा कडा आला, की ऐकलेलं तुटतं आणि पुन्हा सुरुवात होते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फोन मोकळ्या आभाळाखाली पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवावा आणि निघायच्या सकाळी पुन्हा पाचेक मिनिटं. जीपीएसटेस्ट नावाचं छोटं मोफत ॲप आहे. त्यात किती उपग्रह दिसतात, त्यांचा आवाज किती दमदार आहे, हे आकड्यांत कळतं.

आणखी एक सेटिंग इथेच पाहून घ्या. अँड्रॉइड ४.४ पासून ८ पर्यंतच्या फोनमध्ये ‘लोकेशन’मध्ये तीन पर्याय असतात: हाय ॲक्युरसी, बॅटरी सेव्हिंग आणि डिव्हाइस ओन्ली. यातला ‘बॅटरी सेव्हिंग’ जीपीएस वापरतच नाही, तो मोबाइलचे टॉवर आणि वायफाय यांवरून अंदाज बांधतो. रेंज नसलेल्या घाटात असा फोन आंधळा होतो. आपल्या कामाला ‘डिव्हाइस ओन्ली’ हा पर्याय ठेवायचा.

होकायंत्राचंही पाहा. स्वस्तातल्या कित्येक फोनमध्ये चुंबकीय दिशा ओळखणारा भाग नसतो. असा फोन आपण चालत असताना दिशा बरोबर दाखवतो, कारण आधीची आणि आताची जागा जोडून ती त्याला काढता येते. पण फाट्यावर थांबलो, की आपलं तोंड कुणीकडे आहे हे त्याला कळत नाही. बाण भलतीकडे फिरतो आणि माणूस त्यावर विश्वास ठेवून वळतो. असा फोन असेल तर वीस-तीस पावलं चालून मगच बाण पाहायचा.

नकाशा कोणाचा, ॲप कोणाचं

ॲप आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात आलं की निवड सोपी होते. ॲप म्हणजे वाचणारा आणि नकाशा म्हणजे पोथी. वाचणारा बदलला तरी पोथी टिकली पाहिजे.

नोकियाने जानेवारी २०१० मध्ये आपल्या फोनवर वाट सांगणारे नकाशे मोफत केले, तेव्हा ती मोठी गोष्ट होती. नकाशा संगणकावरून फोनमध्ये भरायचा आणि इंटरनेटशिवाय गाडी चालवायची, ही सोय तेव्हा भारतातही अनेकांच्या खिशात आली. पुढे नोकियाचा फोनचा व्यवसाय विकला गेला, नकाशांचा विभाग ‘हिअर’ या नावाने २०१५ मध्ये आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइम्लर या मोटार कंपन्यांनी घेतला. ‘हिअर वी गो’ हे ॲप आजही आहे आणि त्यात नकाशे उतरवून घेता येतात. पण त्या जुन्या नोकिया फोनवरचा नकाशा जिथल्या तिथे थांबला.

दुसरी गोष्ट मॅप्स डॉट मीची. २०११ मध्ये सुरू झालेलं हे हलकं ॲप जगभरच्या प्रवाशांना आवडलं. २०१४ मध्ये ते एका रशियन कंपनीने विकत घेतलं, २०२० मध्ये पुन्हा विकलं गेलं आणि त्याचं रूप बदललं. तेव्हा मूळच्या काही निर्मात्यांनी खुला असलेला जुना प्रोग्रॅम घेऊन २०२१ मध्ये ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ उभं केलं: जाहिराती नाहीत, माग काढणं नाही. २०२५ मध्ये त्याच्याही काही सहकाऱ्यांनी वेगळं होऊन ‘कोमॅप्स’ सुरू केलं. एवढी उलथापालथ झाली, तरी वापरणाऱ्यांच्या वाटा बुडाल्या नाहीत, कारण या सगळ्यांची पोथी एकच होती: ओपन स्ट्रीट मॅप.

हा नकाशा २००४ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने सुरू केला. ब्रिटनचे सरकारी नकाशे तेव्हा महागड्या परवान्यांत अडकलेले होते, म्हणून लोकांनीच आपापला परिसर काढायचा आणि तो सगळ्यांना खुला ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. आज गावोगावचे स्वयंसेवक त्यात भर घालतात. सह्याद्रीतल्या पायवाटा, खिंडी, पाण्याची टाकी, गुहा यांची जी नोंद या नकाशात आहे, ती डोंगर चालून आलेल्या माणसांनी केलेली आहे. गाडीरस्त्यांवर भर असलेल्या नकाशांत ती सहसा सापडत नाही.

कोणाला काय योग्य

शहरात आणि हमरस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला गूगल मॅप्सची ऑफलाइन सोय पुरेशी आहे. आपल्याला हवा तो चौकोन निवडायचा, तो किती जागा घेईल हे ॲप आधीच सांगतं, वायफायवर उतरवून घ्यायचा. दुकानं, हॉस्पिटलं, पेट्रोल पंप यांची माहिती इथे भरपूर असते. पण मर्यादा माहीत असाव्यात. इंटरनेटशिवाय हे ॲप फक्त गाडीची वाट सांगतं, पायी किंवा सायकलची नाही. वाहतूककोंडी आणि पर्यायी रस्तेही दिसत नाहीत. उतरवलेल्या चौकोनाला मुदत असते. ती संपण्याआधी तो ताजा करून घ्यावा लागतो. शिवाय जुन्या फोनवर हे ॲप जड जातं.

ज्याच्या फोनमध्ये जागा कमी, रॅम एक-दीड जीबी, आणि ज्याला गावाच्या आतले रस्ते, शेताकडची वाट, पायी चालणं हे सगळं हवं आहे, त्याने ऑर्गॅनिक मॅप्स किंवा कोमॅप्सपासून सुरुवात करावी. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक असे राज्यवार नकाशे उतरवता येतात. एकदा राज्य उतरलं, की शोध, वाट, चढ-उताराचा आलेख सगळं फोनमध्येच होतं. गुंतागुंतीच्या सेटिंग्ज नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यायचं असेल, तर मी हेच देईन.

ज्याला ट्रेकची आखलेली वाट फाइलच्या रूपात घालायची आहे, चाललेल्या वाटेची नोंद ठेवायची आहे, काय दिसावं आणि काय नको हे स्वतः ठरवायचं आहे, त्याच्यासाठी ऑस्मअँड आहे. २०१० पासूनचं हे ॲप म्हणजे हत्यारांनी भरलेली पेटी आहे. शिकायला वेळ लागतो, जुन्या फोनवर ते मंदही चालतं. गूगलच्या प्ले स्टोअरवरच्या मोफत आवृत्तीत किती नकाशे उतरवता येतील यावर बंधन आहे. एफ-ड्रॉइड या खुल्या ॲप्सच्या भांडारातल्या आवृत्तीला ते बंधन नाही.

एफ-ड्रॉइडचा उल्लेख आला म्हणून एक सावधगिरी. जुन्या फोनवर प्ले स्टोअर ‘हे ॲप तुमच्या फोनला चालत नाही’ असं सांगतं, तेव्हा माणूस शोधत शोधत कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून फाइल उतरवतो. तसं करू नका. निर्मात्यांचं स्वतःचं संकेतस्थळ किंवा एफ-ड्रॉइड, एवढ्याच दोन जागांवर विसंबावं. तिथे आपल्या अँड्रॉइडला चालणारी जुनी आवृत्तीही बहुधा मिळते.

वाट शोधायला डोकं लागतं

इंटरनेट असतं तेव्हा वाट शोधण्याचं काम दूरचे ताकदवान संगणक करतात. ऑफलाइन असलं की ते सगळं ओझं आपल्या जुन्या फोनच्या प्रोसेसरवर येतं. हे काम नेमकं काय असतं? एडस्खर डाइकस्त्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका कॅफेत बसल्या बसल्या, कागद-पेन्सिलीशिवाय, वीस मिनिटांत एक रीत सुचली. १९५९ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. निघालेल्या जागेपासून जवळच्या फाट्याला जायचं, तिथून पुढच्या जवळच्या, आणि प्रत्येक फाट्यापर्यंतचं कमीत कमी अंतर लिहून ठेवत पुढे सरकायचं. पाणी सपाटीवर पसरतं तशी ही मोजणी चारी दिशांना पसरते. आजची ॲप्स याच रीतीच्या सुधारलेल्या रूपांवर चालतात.

तालुक्याच्या गावापर्यंत जायचं असेल तर फाटे हजारांत असतात. पुण्याहून मालवणला जायचं असेल तर लाखांत. जुना फोन यात धापा टाकतो, कधी ॲप बंदही पडतं. अशा वेळी ॲपला दोष देण्यापेक्षा वाट तोडून द्यावी: आधी पुणे ते कोल्हापूर, मग कोल्हापूर ते मालवण. मधला थांबा घातला की मोजणी आटोक्यात येते. आणि वाट घरीच काढून, साठवून ठेवावी. घाटात उभं राहून नव्याने मोजायला लावू नये.

शोधाचंही तसंच. गूगलला अर्धंमुर्धं नाव सांगितलं तरी तो अंदाज करतो. फोनच्या पोटातला नकाशा इतका समजूतदार नसतो. त्यात गावाचं नाव कधी देवनागरीत असतं, कधी फक्त रोमन लिपीत. एका नावाची गावंही ढीगभर. वडगाव, पिंपळगाव, निमगाव असं नुसतं टाकलं, तर भलत्याच जिल्ह्यातलं गाव समोर येतं आणि घाईत माणूस तेच दाबतो. म्हणून ज्या घरी जायचं आहे त्यांच्याकडून नेमक्या जागेचे अक्षांश-रेखांश आधीच मागवून घ्यावेत आणि खूण करून, आपल्या भाषेत नाव देऊन ठेवावी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे पाच आकडे असले, की फरक मीटरभराचा उरतो. म्हणजे ते आकडे त्या घराचं नेमकं दार दाखवतात. हेच आकडे संकटातही कामाला येतात. डोंगरात कुणाला दुखापत झाली आणि एखाद्या टेकाडावर जेमतेम बोलण्याइतकी रेंज मिळाली, तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर आपली जागा आकड्यांत सांगता येते. आपल्या ॲपमध्ये हे आकडे कुठे दिसतात, ते आजच पाहून ठेवा.

नकाशाला काय माहीत नसतं

ऑफलाइन नकाशा म्हणजे उतरवला त्या दिवशीचं जग. भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो. नकाशा मात्र बाराही महिने तोच जवळचा रस्ता सुचवत राहतो. म्हणून निघण्याआधी बातम्या पाहाव्यात, आणि घाटाच्या पायथ्याच्या टपरीवर चहा घेताना विचारावं. सकाळी वरून उतरलेला ट्रकवाला जे सांगेल, ते कोणत्याही ॲपला ठाऊक नसतं.

डोंगरात ही गोष्ट जिवावरची होते. हरिश्चंद्रगडाला जाणाऱ्या वाटा नकाशावर काढलेल्या आहेत. पाचनईची वाट आणि नळीची वाट या पडद्यावर सारख्याच रेघा दिसू शकतात. पाचनईहून घरातली माणसं सावकाश चढून जातात. नळीच्या वाटेला मात्र जाणकार सोबती आणि दोर हवा. रेघ वाट आहे एवढंच सांगते, ती आपल्याला झेपेल का ते सांगत नाही.

उंचीच्या रेषांचंही तेच. या ॲप्समधली उंचीची माहिती बव्हंशी फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांत केलेल्या रडार मोजणीवरून आलेली आहे. तिचे ठिपके एकमेकांपासून तीस मीटरवर असतात. माळरानावर हे उत्तम चालतं. पण त्याच हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा दोन ठिपक्यांच्या मधे मावून जातो. काठाजवळ नकाशा आणि डोळे यांचं पटेनासं झालं, तर डोळ्यांचं ऐकावं. दरीत उपग्रहांचे संदेश कड्यांवर आपटून येतात, त्यामुळे तिथे ठिपकाही वीस-तीस मीटर इकडेतिकडे होतो.

निघण्याआधीची रंगीत तालीम

आता सगळं एकत्र करू. निवड पक्की करण्याआधी ॲपची परीक्षा घ्यायची आणि ती आपल्या माहितीच्या मुलखातच घ्यायची. नकाशा उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि आपलं स्वतःचं गाव उघडा. बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोडवरही जीपीएस चालू राहतं, तुमच्या फोनमध्ये राहतं ना ते इथेच कळेल. याचा आणखी एक फायदा असा, की रेंज नसलेल्या भागात टॉवर शोधत बसण्यात जाणारी बॅटरी वाचते.

गावाच्या नकाशात शाळा आहे का? ओढ्यावरचा फरशी पूल आहे का? वाडीला जाणारा कच्चा रस्ता कच्चाच दाखवला आहे का? एसटीचा थांबा योग्य फाट्यावर आहे का? यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आली, तर अनोळखी मुलखातही त्या नकाशावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येईल. मग रोजच्या रस्त्याने एक फेरी मारा. सूचना वळणाच्या आधी येतात की नंतर, आवाज येतो का, हे ऐका. सूचनांची भाषा ॲपमध्ये असून भागत नाही, त्या भाषेचा आवाजही फोनमध्ये उतरवलेला असावा लागतो. तो वायफाय असतानाच घ्या. परतल्यावर बॅटरी किती उतरली, ते लिहून ठेवा. एवढी तालीम झाली, की दोन ॲप्सपैकी कोणतं ठेवायचं हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.

दोन ठेवलीत तरी चालेल. एक गाडीसाठी, एक पायवाटेसाठी. लांबच्या ट्रेकला मात्र तिसरी शिदोरीही हवी: वाटेवरच्या गावांची नावं क्रमाने लिहिलेला एक कागद. फोन पाण्यात पडला तर तोच उरतो.

उतराई

या तालमीत एक गोष्ट बहुतेकांना दिसते. आपल्या गावाच्या नकाशात काहीतरी राहून गेलेलं असतं. टेकडीमागचा झरा नसतो, किंवा नवा बांधलेला साकव नसतो. ओपन स्ट्रीट मॅपवरच्या ॲप्समध्ये हे तिथल्या तिथे भरता येतं. मोफत खातं काढायचं, त्या जागी उभं राहून खूण करायची, नाव लिहायचं. फोनला वायफाय मिळालं की ती नोंद मूळ नकाशात जाते, आणि पुढच्या वेळी तो भाग उतरवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पोचते. मात्र स्वतः पाहिलेलंच भरायचं, ऐकीव नाही. कारण त्या खुणेवर विसंबून कुणीतरी पाणी संपलेलं असताना तिथे येणार आहे.

सह्याद्रीत पायवाट जिथे फुटते, तिथे दगडावर दगड रचून ठेवलेले दिसतात. ते कोणी रचले ते कळत नाही. पुढे जाणारा त्यावरून वाट ओळखतो आणि एखादा दगड घसरला असेल तर पुन्हा नीट बसवून जातो. त्या गच्चीवर जाग्या झालेल्या फोनमध्ये मी भरलेली पहिली खूण आमच्या गावाच्या विहिरीची होती. उन्हाळ्यातही तिला पाणी असतं, एवढंच तिथे लिहिलं आहे.